उंबऱ्याची उंची : मोबाइल ॲपच्या किमान आणि लक्ष्य आवृत्त्यांविषयी

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातल्या शेतांची, पाणवठ्यांची आणि पायवाटांची नावे मी काही वर्षे गोळा करतो आहे. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो. माणसांच्या तोंडी मात्र ‘भुताचे खाचर’, ‘वडाचा दांड’ अशी नावे असतात, आणि ती सांगणारी पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे. सुरुवातीला वही आणि टेपरेकॉर्डर यांवर भागले. पुढे मदतनीस वाढले, तेव्हा पुस्तके वाचून आणि चुकतमाकत शिकून मी एक छोटे मोबाइल ॲप तयार केले. जागेवर उभे राहायचे, नाव टाइप करायचे, ते आपल्या आवाजात बोलायचे आणि ‘पाठवा’ हे बटण दाबायचे, एवढेच त्याचे काम.

२०२२च्या पावसाळ्यानंतर एका वाडीतल्या शाळेच्या ओसरीवर आम्ही जमलो. एकतीस मदतनीस होते. सत्तावीस फोनवर ॲप उतरले, चार फोनवर प्ले स्टोअरने नकार दिला : हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही. त्या चारांपैकी एक फोन होता आमच्या मावशींचा. नाते गावचे, रक्ताचे नव्हे. पण शिवारातली निम्मी नावे मी त्यांच्याकडूनच ऐकली होती. पुण्याला कामाला असलेल्या मुलाने नवा फोन घेतल्यावर जुना त्यांच्याकडे आला होता. त्यांनी विचारले, “भाऊ, मपला फोन जुना म्हणून नाय घेत का?”

मी म्हणालो, “फोन ठीक आहे मावशी, चूक माझी आहे.” ते सौजन्यापोटी म्हटले होते. घरी येऊन पाहिले तेव्हा ते अक्षरशः खरे निघाले. ॲपच्या बांधणीच्या फाइलमध्ये एक ओळ असते, त्यात मी एक आकडा लिहिला होता : २६. त्या आकड्याने मावशींना ओसरीवरून परत पाठवले होते. त्यानंतर मी हा आकडा आणि त्याच्या शेजारचा दुसरा आकडा यांचा अभ्यास केला. संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकालाही तो कळावा असे मला वाटते. कारण प्रत्येकाच्या खिशातल्या प्रत्येक ॲपमध्ये हे दोन आकडे कोणीतरी लिहिलेले असतात.

पायऱ्यांचा जिना

अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ साली अमेरिकेत विक्रीला आला. तेव्हापासून या प्रणालीच्या आवृत्त्या निघत राहिल्या. लोकांना माहीत असतो तो आवृत्तीचा क्रमांक. ॲप लिहिणाऱ्याला महत्त्वाची असते ‘एपीआय लेव्हल’, म्हणजे पातळी. प्रणाली ॲपला कोणकोणत्या सोयी पुरवते, त्यांच्या यादीचा तो अनुक्रमांक. अँड्रॉइड ५.० (२०१४) म्हणजे पातळी २१, ५.१ म्हणजे २२, ६.० (२०१५) म्हणजे २३, ८.० (२०१७) म्हणजे २६, आणि जून २०२५मध्ये आलेले अँड्रॉइड १६ म्हणजे पातळी ३६.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की घरातली जुनी प्रत बदलत नाही. फोनचेही बरेचसे तसेच आहे. गूगलने नवी आवृत्ती काढली तरी ती चिप बनवणाऱ्याकडून फोन बनवणाऱ्याकडे आणि तिथून आपल्या हातातल्या फोनवर यावी लागते. स्वस्त फोनच्या बाबतीत ही साखळी एक-दोन वर्षांतच तुटते. अँड्रॉइड ८मध्ये गूगलने प्रणालीची रचना बदलून फोनच्या यंत्राशी जोडलेला भाग वेगळा केला, त्यामुळे हा प्रवास थोडा सोपा झाला. पण त्याआधीचे फोन जिथे थांबले तिथेच राहिले. शिवाय आपल्याकडे फोन टाकून देत नाहीत. तो मुलाकडून आईकडे, शहरातून गावाकडे जातो. म्हणून एकाच ओसरीवर आठ-दहा वर्षांच्या आवृत्त्या शेजारीशेजारी बसलेल्या असतात.

पहिला आकडा : किमान

ॲपमधला पहिला आकडा किमान आवृत्तीचा. त्याचा अर्थ सरळ आहे : या पातळीच्या खालच्या फोनवर हे ॲप बसणार नाही. तो घराचा उंबरा आहे. प्ले स्टोअर हा आकडा वाचते आणि ज्याचा फोन खाली आहे त्याला बाहेरूनच परत पाठवते. आधी बसवलेल्या ॲपचा उंबरा नंतर वाढवला, तर जुन्या फोनवरचे ॲप नाहीसे होत नाही; पण त्याला पुढची सुधारणा मिळत नाही.

मग उंबरा खालीच का ठेवू नये? कारण खाली उतरावे तशा सोयी कमी होतात आणि लिहिणाऱ्याचे काम वाढते. काही पायऱ्या यात विशेष महत्त्वाच्या आहेत.

पातळी २१च्या खाली जुनी यंत्रणा होती. तिथे ॲपच्या एका फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक कार्यपद्धतींचे उल्लेख मावत नसत आणि मोठ्या ॲपचे तुकडे करण्यासाठी खटपट करावी लागे. अँड्रॉइड ५.०पासून ही अडचण प्रणालीनेच सोडवली. याच आवृत्तीने मराठी ही फोनची भाषा म्हणून निवडण्याची सोय आणली. त्याआधी, अँड्रॉइड २.३च्या काळातल्या अनेक फोनवर देवनागरीच्या जागी नुसत्या चौकटी दिसत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या पायरीचे महत्त्व सांगायला नको. मराठीतल्या ॲपसाठी २१च्या खाली उतरणे मला कधीच शहाणपणाचे वाटले नाही.

पातळी २३ला परवानग्यांची पद्धत बदलली; तिच्याकडे पुढे येतो. आणि पातळी २६? तिथे तारीख-वेळेची गणिते नीट करणारी साधने आयती मिळतात. मी २६ लिहिले ते एवढ्यासाठीच. नोंदीची तारीख लिहिणे मला सोपे जावे म्हणून चार माणसे बाहेर राहिली होती. अधिक लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. तीच साधने जुन्या फोनवर ॲपसोबत बांधून नेण्याची सोय २०२०पासूनच उपलब्ध होती. मला ती माहीत नव्हती. एक संध्याकाळ खर्चून मी किमान आकडा २१ केला आणि पुढच्या फेरीत मावशींच्या फोनवर ॲप उतरले. त्यांचा फोन ५.१चा, म्हणजे पातळी २२चा होता.

टक्केवारीचा फसवा आधार

हा आकडा ठरवताना बहुतेक जण एक तक्ता पाहतात. अँड्रॉइडची ॲपे बनवण्याच्या साधनातच तो असतो : अमुक पातळी किमान ठेवली तर जगातल्या इतक्या टक्के फोनवर ॲप चालेल. तक्ता खोटा नाही. पण तो जगाचा आहे, आपल्या वाचकांचा किंवा आपल्या तालुक्याचा नाही. माझ्या ओसरीवर २६च्या खालचे फोन एकतीसमध्ये चार, म्हणजे सुमारे तेरा टक्के होते. आणि ते चार फोन कोणाचे होते? वयाने मोठ्या, हातात पैसा कमी असलेल्या आणि माझ्या विषयातले सर्वात जास्त जाणणाऱ्या माणसांचे. नोंदींच्या दृष्टीने ते तेरा टक्के नव्हते, निम्मे काम होते.

टक्क्यांत आणखी एक फसवणूक असते. गूगलने २०२३ साली आपल्या प्ले सर्व्हिसेसमधून अँड्रॉइड ४.४चा आधार काढून घेतला, तेव्हा असे फोन एक टक्क्याहून कमी उरल्याचे कारण दिले. निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. दहा वर्षे जुनी प्रणाली कायम सांभाळता येत नाही. पण २०२१ साली गूगलनेच जगभर तीन अब्ज अँड्रॉइड साधने वापरात असल्याचे जाहीर केले होते. त्याचा एक टक्का म्हणजे तीन कोटी, अर्धा टक्का म्हणजे दीड कोटी.

सरकारी कामात हा प्रश्न किती टोकाला जातो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ऑगस्ट २०२१मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. त्यांच्या तक्रारी आवृत्तीच्या आकड्यापुरत्या नव्हत्या. फोनची स्मृती अपुरी होती, पोषणाच्या नोंदींचे नवे ॲप त्यावर नीट चालत नव्हते, फोन तापत, आणि ॲपची भाषा इंग्रजी होती. पण मुळाशी गोष्ट तीच आहे. ॲप लिहिताना डोळ्यांसमोर एक फोन असतो आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या बाईच्या हातात दुसराच असतो. माझ्या मावशी ॲपशिवाय राहिल्या तर एक नोंद कमी होते. सेविकेचे ॲप चालले नाही तर तिच्या केलेल्या कामाची गणतीच होत नाही.

दुसरा आकडा : लक्ष्य

दुसरा आकडा लक्ष्य आवृत्तीचा, आणि सर्वाधिक गैरसमज याच्याविषयी आहेत. मीही बरीच वर्षे समजत होतो की लक्ष्य वाढवले की जुने फोन गळतात. तसे नाही. किमान २१ आणि लक्ष्य ३५ असलेले ॲप दोन्हीकडे आणि मधल्या सगळ्या फोनवर चालते. लक्ष्य हा उंबरा नाही, ती एक घोषणा आहे : ‘मी या पातळीचे नियम वाचून, तपासून हे ॲप लिहिले आहे, मला ते लावा.’

मराठी वाचकाला हे समजायला एक जवळचे उदाहरण आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली रूढ झाले आणि १९७२मध्ये त्यांत भर पडली. ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले. पण त्याच नियमांत एक सवलत आहे : केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतले उतारे छापताना ते मुळाप्रमाणे छापावेत. म्हणजे मुद्रितशोधकाने आधी पाहायचे की मजकूर कोणत्या काळातला आहे, आणि मग कोणते नियम लावायचे ते ठरवायचे. नवा अँड्रॉइड फोन नेमके हेच करतो. ॲपचा लक्ष्य आकडा पाहतो. तो जुना असेल तर अनेक बाबतींत जुन्या वागणुकीची मुभा देतो, नवा असेल तर नवे नियम लावतो.

पातळी २३चे उदाहरण घेऊ. त्याआधी ॲप बसवतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा मिळत : संपर्कयादी, कॅमेरा, मायक्रोफोन, ठिकाण. अँड्रॉइड ६.०पासून नियम झाला की गरज पडेल तेव्हा ॲपने विचारावे आणि माणसाने हो किंवा नाही म्हणावे. पण हा नियम लक्ष्य २३ किंवा वर असणाऱ्या ॲपनाच लागू होता. जुन्यांना जुनी रीत चालू राहिली. पातळी २८ला संकेतबद्ध नसलेल्या जोडणीवरून माहिती पाठवणे मुळातच बंद झाले, ३०ला दुसऱ्या ॲपच्या फाइलींत हवे तसे डोकावणे थांबले, ३३ला सूचना पाठवण्यासाठीही परवानगी मागणे आले.

सवलतीचा गैरफायदा घेणारे असतातच. काही घातक ॲपे मुद्दाम लक्ष्य २२ लिहीत, म्हणजे नव्या फोनवरही परवानगी विचारावी लागू नये. शेवटी अँड्रॉइड १४ने लक्ष्य २३च्या खालची ॲपे बसवायलाच नकार दिला आणि अँड्रॉइड १५ने ती मर्यादा २४ केली. प्ले स्टोअरने तर २०१८पासून दरवर्षी लक्ष्याची अट वाढवत नेली आहे. ३१ ऑगस्ट २०२५पासून नवे ॲप किंवा जुन्याची सुधारणा द्यायची तर लक्ष्य किमान ३५ असण्याची अट लागू झाली. जे ॲप फार मागे राहते ते, त्याच्या लक्ष्याहून नवी प्रणाली असलेल्या फोनवर, नव्या वापरकर्त्याला दिसेनासे होते. म्हणजे किमान आकडा आपल्या हातात आहे. लक्ष्य आकडा बराचसा काळच ठरवतो.

पण घोषणा करण्यापूर्वी नियम वाचावे लागतात. यंदा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी घाईने ३३चे ३५ केले आणि ॲप पाठवून दिले. पातळी ३५चा एक नियम असा आहे की अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या फोनवर ॲपने पडदा काठापासून काठापर्यंत व्यापायचा. वरच्या आणि खालच्या पट्ट्यांसाठी जागा सोडणे ही ॲपची जबाबदारी. मी ती पाळली नव्हती. परिणामी ‘पाठवा’ हे बटण खालच्या पट्टीआड गेले. माझ्या जुन्या फोनवर सगळे ठीक दिसत होते. तक्रार आली ती नुकताच नवा फोन घेतलेल्या एका शिक्षकाकडून. किमान आकडा चुकला तेव्हा जुन्या फोनवाल्या मावशी अडल्या. लक्ष्य आकडा न तपासता वाढवला तेव्हा नव्या फोनवाले गुरुजी अडले.

आयफोनच्या जगात हाच प्रश्न सौम्य आहे. फोन आणि प्रणाली दोन्ही एकाच कंपनीची असल्याने २०१५चा आयफोन ६एस २०२१च्या आयओएस १५पर्यंत पोहोचू शकला. आणि फोन मागे राहिला तरी अनेक ॲपची त्याला चालणारी शेवटची आवृत्ती ॲप स्टोअर देऊ करते. किमान ठरवण्याची जबाबदारी मात्र तिथेही लिहिणाऱ्यावरच असते.

कागदावरचा आणि खरा आकडा

किमान २१ लिहून मी निश्चिंत झालो होतो. २०२४च्या उन्हाळ्यात मावशींकडून नोंदी येणे थांबले. ॲप उघडत होते, आवाज घेत होते, पण ‘पाठवा’ म्हटले की चूक दाखवत होते. कारण शोधायला मला तीन आठवडे लागले.

ॲप आणि सर्व्हर यांच्यातली जोडणी सुरक्षित ठेवण्यासाठी सर्व्हरला प्रमाणपत्र लागते. मी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा संस्थेचे मोफत प्रमाणपत्र वापरतो. जगातल्या असंख्य संकेतस्थळांवर तेच असते. पण फोनने त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा तर ते देणाऱ्या संस्थेचे मूळ प्रमाणपत्र फोनमध्ये आधीपासून असावे लागते, आणि ते अँड्रॉइड ७.१.१पासूनच आले. त्याआधीच्या फोनसाठी संस्थेने दुसऱ्या एका जुन्या संस्थेची साक्ष जोडून घेतली होती. नोव्हेंबर २०२०मध्ये संस्थेने जाहीर केले तेव्हा ३३.८ टक्के अँड्रॉइड फोन ७.१च्या मागे होते, म्हणून ही सवलत वाढवण्यात आली. २०२४मध्ये ती मागे घेतली गेली आणि ३० सप्टेंबरला त्या साक्षीची मुदतही संपली. मावशींचा फोन माझ्या सर्व्हरला ओळखेनासा झाला तो यामुळे.

म्हणजे फाइलमध्ये २१ लिहिले असले तरी प्रत्यक्ष किमान कधीच वर सरकले होते, आणि ते सरकवणारा मी नव्हतो. मूळ प्रमाणपत्र ॲपमध्येच बांधून मी ती अडचण दूर केली. पण तेव्हापासून एक सवय लावून घेतली : ज्या आकड्याचा आपण दावा करतो त्या आकड्याचा एक फोन जवळ ठेवायचा आणि प्रत्येक सुधारणा त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत, नोंद पाठवण्यापर्यंत, चालवून पाहायची. माझ्या टेबलावर दुरुस्तीच्या दुकानातून आणलेला ५.१चा एक फोन आहे. जे तपासलेले नाही ते किमान नव्हे.

निर्णय

२०२५च्या मध्यापासून गूगलने ॲप बांधण्याच्या आपल्या साधनसंग्रहाचे सर्वसाधारण किमानच २३ केले. म्हणजे यापुढे २१वर राहायचे तर साधने जुन्या आवृत्तीवर गोठवावी लागतील. आणि लक्ष्य दरवर्षी पुढे न्यायचे, साधने मात्र मागे ठेवायची, ही ओढाताण एकट्या माणसाला फार काळ झेपत नाही. जुन्या फोनची सुरक्षाही हा प्रश्न आहेच. बँकेचे ॲप असते तर वर्षानुवर्षे दुरुस्ती न मिळालेल्या प्रणालीवर ते चालवू देणे हाच निष्काळजीपणा ठरला असता. माझ्या ॲपमध्ये शेतांची नावे आहेत, पैसा नाही. म्हणून मी उंबरा इतके दिवस खाली ठेवू शकलो.

आकडा बदलण्यापूर्वी मी नोंदी पाहिल्या. २३च्या खाली एकच फोन उरला होता. तक्त्याने ते तीन टक्के म्हटले असते. मी वाडीत गेलो, मावशींच्या फोनमधल्या न पाठवलेल्या नोंदी उतरवून घेतल्या आणि त्यांना सांगितले की दिवाळीनंतर या फोनवर सुधारणा येणार नाहीत. त्या हसल्या. म्हणाल्या, “मंग तू वही आण. वहीला कुठं लागतंय तसलं?”

आता शेजारची बारावीतली मुलगी त्यांच्यासोबत शिवारात जाते आणि तिच्या फोनवर त्यांचा आवाज घेते. व्यवस्था बरी आहे, बरोबरीची नाही. पूर्वी मावशी एकट्या वाटेने जाताना आठवेल तिथे थांबून बोलत. आता मुलीला वेळ असेल तेव्हाच जाणे होते.

माझ्या वहीत या आकड्यांसाठी एक पान आहे. डावीकडे तारीख आणि आकडा, मधे कारण, आणि उजवीकडे त्या आकड्यामुळे बाहेर राहणाऱ्यांची नावे. २६च्या ओळीपुढे मी नंतर चार नावे भरली. २१च्या ओळीपुढे ती जागा रिकामी आहे. २३च्या ओळीपुढे एक नाव आहे, आणि ते मी आकडा बदलण्यापूर्वी लिहिले.